मामाजींच्या हातचं मीठ

बबनरावांच्या चिमटीत पूर्वी तीन बोटं असायची. गेल्या पोळ्यानंतर कधीतरी करंगळीशेजारचं बोटही त्यांना येऊन मिळालं, आणि या श्रावणात तर तळवासुद्धा थोडा खोलगट होऊ लागला होता. खडेमिठाचे दाणे त्या खळग्यात जमायचे, चुलीवरून उतरवून आणलेल्या भाजीवर हात एकदा गोल फिरायचा, आणि मग बबनराव म्हणायचे, "हं. वाढा आता."

हे सगळं त्यांच्या धाकट्या सुनेच्या, अंजनाच्या, नजरेत आलं होतं. अकोल्याच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत तिची नजर अशीच तयार झाली होती; नळीच्या टोकाशी थेंब फुगायला लागला की तो कधी सुटणार हे तिला आधी कळायचं. पण प्रयोगशाळेत पाहिलेलं लगेच वहीत लिहायचं असतं. घरात पाहिलेलं कुठं सांगायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

रिठदच्या या घरात स्वयंपाक सुना करत, पण मीठ घरातलं वडीलधारं माणूस टाकी. अंजनाची सासू मनकर्णाबाई होती तोवर मिठाची बरणी तिच्याजवळ असायची. भाजी, वरण, कढी, सगळी भांडी तिच्यापुढून जायची. पाच वर्षांपूर्वी ती गेली. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरली सून रुख्मिणी वरणाचं पातेलं चुलीवरून उतरवून नुसतीच उभी राहिली. पुढं काय करायचं तिला सुचेना. तेव्हा बबनराव ओसरीवरून उठून आत आले, कोनाड्यातली बरणी काढली आणि मीठ टाकलं. बरणी त्यांच्याबरोबर ओसरीवर गेली आणि तिथंच राहिली.

हे असं चाललं, आणि नीट चाललं. मग गेल्या वर्षी, दुष्काळाच्या त्या सालात, बबनरावांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. तंबाखूनं आधीच अर्धी नेली होती. त्यांना स्वतःला मात्र दोष मिठातच दिसायचा.

"आजकालच्या मिठात दमच नाई राह्यला," ते म्हणायचे, आणि आणखी चार खडे टाकायचे.

सोडियम क्लोराइडचा दम असा सालोसाल कमी होत नसतो, हे सांगायला बी.एस्सी. व्हायची गरज नव्हती. पण सांगितलं कुणीच नाही. रुख्मिणीचा नवरा, थोरला ग्यानबा, मुळात कमी बोलणारा. तो जेवताना तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा. अंजनाचा नवरा जगदेव एका भाजीवर तीन भाकरी खायचा. रुख्मिणी भाजी ओसरीवरून परत आली की तिच्यात गुपचूप कणकेचा गोळा सोडायची, म्हणजे तो मीठ ओढून घेतो. या उपायावर अंजनाचा विश्वास नव्हता. तरी गोळा मळून तीच द्यायची.

अंजनाच्या मनात मात्र याहून मोठी गोष्ट अडकून पडली होती. गावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, पण रजेवर गेलेल्या मास्तरांच्या जागी. दिवाळीला ती जागा संपणार होती. मे महिन्यात वाशिमला शिक्षकांचं शिबिर झालं. तिथं कारंज्याच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिचा पाठ पाहिला आणि त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतर माझ्याकडं ये. कायमची जागा आहे. झेंडावंदनापर्यंत कळव." जगदेव आनंदला. त्याला इंजिनांचं वेड. गावातली सगळी पाणी ओढायची इंजिनं तोच उघडून बसायचा. कारंज्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याला असा माणूस हवाच होता.

"मंग सांग ना मामाजीले," अंजना त्याला म्हणायची. सासऱ्यांना दोघी सुना मामाजीच म्हणत.

"सांगतो."

"कवा?"

"त्यायचा मूड पाहून."

मूड रोज चांगलाच असायचा, आणि खरी अडचण तीच होती. बबनराव खवीस असते तर कधीच सांगून झालं असतं. पण लग्नानंतर अंजनाला बी.एस्सी. पुरी करायला अकोल्याला पाठवलं ते त्यांनीच. सून शाळेत शिकवायला जाते म्हणून भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली, तेव्हा "तुमची जाते का? माही जाते!" असं म्हणून त्यांना वाटेला लावलं तेही त्यांनीच. त्यांनी कशाला नाही म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. फक्त प्रत्येक गोष्ट विचारावी लागायची. माहेरी जाऊ का, शाळेच्या सहलीला जाऊ का, कोणत्या वावरात तूर पेरू, इंजिनाला नवा पट्टा आणू का. ते म्हणायचे, "जा." म्हणायचे, "आन." आणि पस्तिशीचा ग्यानबा 'आन' ऐकल्याशिवाय पट्टा आणायचा नाही.

अंजनानं मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं: मामाजी, कारंज्याची नोकरी घेऊ का? दोनदा ते ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. ते 'घे' म्हणतील याची तिला जवळजवळ खात्री होती. मग आपल्याला अडतंय कुठं, हे तिचं तिलाच नीट सांगता येत नव्हतं. आणि झेंडावंदन आठवड्यावर आलं होतं.

त्याच आठवड्यात भागिरथा तिच्याकडं आली. नववीतली ही मुलगी देवमन कंडक्टरची, बौद्धवाड्यातली. वाशिमला वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता: वसाहतींना राजाची सत्ता नकोशी का होते? इतिहासाचे मास्तर मोटारसायकलवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेले, म्हणून काम अंजनाकडं आलं.

भागिरथानं जुलूम, लूट, दुष्काळ, गोळीबार असं सगळं पाठ केलं होतं. आवाज खणखणीत होता. पण भाषण संपवून ती खाली बसेना.

"बाई, एक सवाल हाये. गेल्या महिन्यात ते बहामा बेट स्वतंत्र झालं ना, पेपरात आलं होतं. तिथं राणीनं कोनाले मारलं-झोडलं असं काई लिवलं नाई. हसतखेयत झेंडा उतरवला म्हने. मंग त्यायले काहून पाह्यजे होतं स्वातंत्र्य? राजा वाईट असला तं समजते. राजा चांगला असला तं?"

अंजनानं खडू खाली ठेवला. प्रश्न ओळखीचा होता. नेमका कुठून ओळखीचा, हे लक्षात आल्यावर तिला थोडं हसू आलं.

"मले नाई येत याचं उत्तर," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यायले विचारू. त्यायनं राजाशी भांडन केलेलं हाये."

संध्याकाळी भागिरथा घरी आली. बबनराव खुश झाले. त्यांनी तिला ओसरीवर आपल्यासमोर बसवलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "रुख्मिने, पोरगी जेवून जाईन बरं!" तिला ते आपल्याच पंगतीला बसवणार हे सगळ्यांना माहीत होतं. या कारणानं गावातल्या दोन-तीन घरांनी त्यांच्याकडचं पाणी बंद केलं होतं, आणि बबनरावांनी त्याची कधी फिकीर केली नव्हती.

"हं, इचार."

"आजोबा, तुमी कोन्या राजाशी भांडले?"

"एक असता तं सांगतो. आमाले दोन होते!" बबनरावांनी मांडी बदलली. "आपला वऱ्हाड मुळात निजामाचा. त्यानं तो इंग्रजाले ठेक्यानं देल्ला. म्हंजे घराचा मालक हैदराबादले, भाडेकरू लंडनले, न आमी कोन? घरातले उंदरं! दोघायपैकी एकानंबी आमाले इचारलं नाई का बा, तुमाले कोन पाह्यजे."

भागिरथा हसली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. जगदेव आणि ग्यानबा वावरातून येऊन हातपाय धूत होते.

"मी सोळा वर्षांचा असन," बबनराव सांगू लागले. "गांधीबाबानं मीठ उचललं. आपल्याकडं कुठं समुद्र? पन अकोल्याच्या पलीकडं पूर्णेच्या अंगाले विहिरीचं पानी खारं. लोकायनं ठरवलं, तेच उकळाचं. मी घरी न सांगता पायी निंगालो. कढई मांडली, पानी आटवलं, आटवलं... न शेवटी काय निंगालं? चिमूटभर काळपट माती! कडूजहर. तोंडात घातलं न मी थुकलोच. बाजूले एक म्हातारा होता, तो म्हने, थुकतं काय लेका, गीळ! स्वराज्य हाये ते!"

"मंग?"

"मंग पोलीस आले. बाकीच्यायले नेलं. मले दोन ठेवून देल्ल्या न म्हने, पळ घरी, माय वाट पाहून राह्यली असन."

"पन आजोबा," भागिरथा हट्टाला पेटली, "दुकानातलं मीठ तं पांढरं राहे ना? चांगलं राहे?"

"मस्त राहे. पांढरंशुभ्र."

"मंग चांगलं सोडून कडू काहून खाल्लं?"

बबनरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी शेकडो लोकांना सांगितली होती. असं कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात भागिरथाच बोलली, थोडी हळू, स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखी.

"आमच्या आजीवानी."

"काय तुह्या आजीचं?"

"आजी सांगते, आमच्या वाड्यातले लोक पयले पाटलायच्या घरून भाकर आनत. तुमच्या घरूनबी. आजी म्हनते, बबनरावाच्या घरची भाकर ताजी राहे, वर लोन्याचा गोळा. शिळं कवाच देल्लं नाई तुमच्या मायनं. तरी छप्पन साली धम्म घेतला न आजीनं भाकर आननं सोडलं. त्या साली घरात आंबाडी न ज्वारीच्या कन्या खाल्ल्या म्हने. मी इचारलं, काहून? तं म्हने, भाकर चांगली होती व माय, पन हात पसराचा माहाच होता ना."

जगदेव पाय पुसता पुसता थांबला होता. बबनरावांनी मान दोन-तीनदा हलवली.

"बराबर," ते म्हणाले. "तुही आजी माह्यापेक्षा हुशार हाये. हेच लिव तू भाषनात. राजा चांगला का वाईट, हा सवालच नाई, पोरी. माह्या घरच्या भाजीत मीठ किती टाकाचं, हे माहं मी ठरवीन. वरतून कोनी मानूस बसून काहून ठरवीन? मंग तो देवमानूस का असंना!"

आणि नेमक्या त्याच वेळी रुख्मिणी बरबटीच्या भाजीचं पातेलं फडक्यात धरून बाहेर आली, रोजच्यासारखं त्यांच्यापुढं ठेवलं आणि रोजच्यासारखी बाजूला उभी राहिली. मागं अंजना वरण घेऊन. बबनरावांनी बोलता बोलता बरणीत हात घातला, चार बोटं आणि तळवा भरून मीठ काढलं आणि भाजीवर गोल फिरवलं.

रुख्मिणीनं पदर तोंडात कोंबला. अंजनानं तिच्याकडं पाहायचं टाळलं. पाहिलं असतं तर वरण सांडलं असतं.

ताटं मांडली. भागिरथानं पहिला घास घेतला, चावला, थांबली, आणि तांब्याकडं हात नेला. तांब्या ग्यानबाच्या हातात होता.

"काय झालं व?" बबनरावांनी विचारलं.

"काई नाई."

"अवं सांग ना. तिखट हाये?"

भागिरथानं अंजनाकडं पाहिलं. आपली बाई वर्गात म्हणते, दिसलं ते सांगावं. "खारट हाये आजोबा. भाय खारट."

"खारट?" बबनरावांनी स्वतः घास घेतला. चावून पाहिला. "मले तं अळनी लागून राह्यली." मग त्यांनी वर पाहिलं. "रुख्मिने? खरं सांग. खारट हाये?"

रुख्मिणी या घरात अकरा वर्षं होती. तिनं पदर सोडला.

"मामाजी, पोळ्यापासून खारट हाये."

"पोळा तं अजून याचा हाये!"

"मागच्या पोळ्यापासून."

आता मात्र जगदेवला ठसका लागला. ग्यानबा ताटाकडं पाहत होता, पण त्याचे खांदे हलत होते. बबनराव एकेकाकडं पाहत गेले. चेहऱ्यावर राग येऊ पाहत होता आणि त्याला जागा सापडत नव्हती.

"सालभर? न तुमी मुकाट्यानं खाल्लं? मंग बोलले काहून नाई?"

"तुमी इचारलं नाई," रुख्मिणी म्हणाली.

"तुमच्या जिभेचा दोष हाये मामाजी," अंजना हलकेच म्हणाली. "तापानं चव जाते. तंबाखूनंबी. मीठ तेच हाये."

"म्हंजे मिठाचा दम गेला नाई. माहा गेला." बबनराव बरणीकडं पाहू लागले. पांढरी चिनी मातीची बरणी, झाकणाचा एक टवका उडालेला. "तिची होती," ते म्हणाले. कुणाबद्दल ते सांगायची गरज नव्हती. "ती गेली तवा मले वाटलं, घरात एवढं तरी तिचं चालू ठेवाव. राज्य कराले नोतो बसलो मी." मग एकदम ते भागिरथाकडं वळले आणि त्यांच्या मिशा हलल्या. "पाह्यलं का पोट्टे, राजाले कसं कयतच नाई! भाषनात हे नोको लिवजो बरं."

भागिरथा म्हणाली, "नाव नाई टाकत."

तेव्हा सगळेच हसले, आणि सर्वांत मोठ्यानं बबनराव. हसता हसता त्यांनी बरणी उचलली आणि रुख्मिणीच्या हातात दिली. "उद्यापासून तुमचं तुमी पाहा."

त्या संध्याकाळी अंजनाला हलकं वाटलं. वर्षभर ज्या गोष्टीला सगळे भ्याले ती सांगून झाली होती, आणि छप्पर जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी जावांनी बरणी पुन्हा स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवली. अंजनानं कढी केली, रुख्मिणीनं आंबाडीची भाजी. भाजी झाल्यावर रुख्मिणीनं सवयीनं पातेलं उचललं आणि थेट ओसरीवर नेलं. बबनराव ओरडले, "इकडं कायले आनता बापा? न्या, न्या!" ती हसत परत आली. अंजनानं ताटं घेतली. सगळे बसले.

ग्यानबानं घास घेतला आणि चावता चावता थांबला. त्याचा हात तांब्याकडं गेला आणि मध्येच माघारी आला. त्यानं आधी बापाकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि मग तो जेवताना कधीच करत नसे ते त्यानं केलं. तो बोलला.

"अळनी हाये."

रुख्मिणीनं अंजनाकडं पाहिलं. "तू नाई टाकलं?"

"मले वाटलं, तुमी टाकलं."

"मी तं कवाच टाकलं नाई!"

"मीबी!"

अकरा वर्षं एक आणि सात वर्षं दुसरी, दोघींनी मिळून या घरात किती भाज्या शिजवल्या असतील. पण एकीचाही हात मिठापर्यंत कधी गेला नव्हता, आणि हातालाच ती सवय नव्हती. दोघी एकमेकींकडं पाहून हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मले तं कालच्यासारखीच लागून राह्यली," बबनराव म्हणाले, आणि त्यावर जगदेवनं भाकरी ताटात टाकून पोट धरलं.

"हसू नका रे. आमचंबी पयल्या दिवशी मातीच निंगाली होती." बबनरावांनी भाजीचा आणखी एक घास खाल्ला, मन लावून, जणू चव सापडेल तर सापडेल. "दुसऱ्यांदा लोकायनं पानी गाळून घेतलं. मंग थोडं पांढरं झालं. तुमीबी शिकसान."

अंजना आत गेली आणि कोनाड्यातली बरणी घेऊन आली. किती टाकायचं ते तिला माहीत नव्हतं. तिनं तीन बोटांत थोडं घेतलं, ग्यानबाच्या ताटात टाकलं आणि थांबली. तो कालवून चाखेपर्यंत ती उभी राहिली.

"आनखी जरासं."

तिनं आणखी जरासं टाकलं.

"हं. बस."

मग रुख्मिणीचं ताट, जगदेवचं. प्रत्येकाला ती विचारत होती आणि प्रत्येक जण वेगळं सांगत होता. बबनरावांच्या ताटाशी आल्यावर तिनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मले नोको. तसंबी समजत नाई." आणि मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "आनखी कोनी मनात काई दाबून ठेवलं असन तं आत्ताच बोलून टाका बाप्पा. नाईतं पुढच्या पोळ्याले मले शाळेतल्या पोट्टीकून कयन."

जगदेवचा हात ताटात थांबला. त्यानं अंजनाकडं पाहिलं.

मनात तयार करून ठेवलेलं वाक्य तिला आठवलं. त्याच्या शेवटी एक 'का' होता, आणि इतके महिने तिला अडत होतं ते तिथंच. आज तो नको होता. बरणीचं झाकण तिनं बसवलं आणि बरणी खाली ठेवली. तिला भीती वाटत नव्हती. उन्हातून चालत आल्यावर तांब्यातलं गार पाणी घशाखाली उतरतं तसं काहीतरी वाटत होतं.

"मामाजी," ती म्हणाली, "दिवाळीनंतर मी कारंज्याच्या शाळेत शिकवाले जानार हाये. आमी दोघं तिथंच बिऱ्हाड करनार."